एका हाताचं काम

बाळाचा डायपर बदलायला दोन हात असतात, ते फक्त बाळ पालथं पडायला लागेपर्यंत. पहिले तीन-चार महिने ते ठेवू तिथे राहतं. पाय झाडतं, मुठी उडवतं, पण जागा सोडत नाही. मग साधारण ४ ते ६ महिन्यांच्या दरम्यान त्याला कुशीवर वळायची आणि तिथून पालथं व्हायची युक्ती सापडते. त्या दिवसापासून आपला एक हात त्याच्या पोटावर अडकतो आणि बाकीचा सगळा कारभार उरलेल्या हाताने करावा लागतो. म्हणून एका हाताने जे होत नाही, ते बाळाला आडवं करायच्या आधीच उरकून ठेवायचं. या कामातली निम्मी कला इथेच संपते.

उदाहरणार्थ वाइप्स. ऐन वेळी एका हाताने ओढायला गेलं की एकतर एकामागून एक चार निघतात, नाहीतर अख्खं पाकीटच उचललं जातं. शीचा डायपर असेल तर पाच-सहा वाइप्स आधीच काढून ठेवावेत. मलमाची ट्यूब एका हाताने पिळता येते, पण तिचं टोपण फिरवायला दोन हात लागतात, म्हणजे टोपण आधीच काढायचं. नवा डायपर पुरता उलगडायचा आणि मांड्यांपाशी येणाऱ्या आतल्या झालरी बोटाने उभ्या करायच्या, कारण पाकिटात दाबून त्या चपट्या झालेल्या असतात आणि चपटी झालर काही अडवत नाही. घाण टाकायच्या पिशवीचं तोंड उघडं हवं. कोरडं फडकं आणि कपड्यांचा एक जोड हाताशी हवा.

आणि हे सगळं मांडायचं ते जमिनीवर. उंच टेबल आपल्या कमरेला बरं पडतं, पण वळायला शिकलेलं बाळ कडेपर्यंत केव्हा पोचलं ते कळत नाही. जमिनीवर चटई, वर जलरोधक तुकडा, त्यावर मऊ दुपटं. जमिनीवरून कुणी खाली पडत नाही.

बाळ वळवळतं त्याला खोडी म्हणू नये. त्याला नुकतीच एक विद्या आली आहे आणि ती ते दिवसभर घोकत असतं. आपण त्याला नेमकं पाठीवर ठेवतो, जिथून छताखेरीज काही दिसत नाही. त्यात भरलेला जड डायपर निघाला की पाय एकदम मोकळे होतात. वळायला याहून चांगली संधी त्याला तरी कोणती मिळणार? शिवाय गार वाइप. तो मुठीत दहा-पंधरा सेकंद धरून कोमट केला तरी पहिला दचका टळतो.

हातात काहीतरी द्यावं हे सगळेच सांगतात. कधी द्यावं, हे मात्र कुणी सांगत नाही. टेप उघडायच्या आधी. वळवळ सुरू झाल्यावर दिलेली वस्तू फेकली जाते. ती रोजच्या खेळण्यातली नसावी. लाकडी चमचा किंवा रिकामा डबा, असं काहीतरी जे फक्त याच वेळी हाती लागतं, आणि अर्थात तोंडात मावेल इतकं लहान नाही. कुठल्याही वस्तूची जादू तीन-चार दिवस टिकते, मग ती बदलावी लागते.

आता खरं काम. जुना डायपर उघडण्यापूर्वीच नवा त्याच्याखाली सरकवायचा. टेप असलेली बाजू पाठीकडे आणि तिची वरची कड साधारण बेंबीच्या रेषेत. मग जुन्याचे टेप उघडून लगेच त्यांच्यावरच दुमडायचे, नाहीतर ते मांडीला चिकटतात. डायपर ओढून काढायची घाई करू नये. त्याचा पुढचा भाग बहुधा स्वच्छ असतो. त्यानेच जाडीभरडी शी पुढून मागे निपटून घ्यायची आणि तो भाग बुडाखाली दुमडायचा. आता घाण आत आणि कोरडी बाजू वर. यानंतर वाइप हातात घेतला तर सहाऐवजी तीनच पुरतात.

बूड उचलताना दोन्ही घोटे एका हातात धरायचे, मध्ये आपलं एक बोट ठेवून, म्हणजे हाडावर हाड घासत नाही. गुडघे पोटाकडे वाकू द्यायचे. पाय सरळ ताणून वर खेचायचे नाहीत. अगदी तान्ह्याला तर उचलण्यापेक्षा कुशीवर कलतं करून पुसणंच बरं, त्याची खुब्याची सांधेजोड अजून कोवळी असते. मुलीला नेहमी पुढून मागे पुसायचं, कारण उलट्या दिशेने शीतले जंतू मूत्रमार्गाकडे जातात. मुलाच्या बाबतीत हवा लागताच कारंजं उडण्याची शक्यता असते, म्हणून डायपर उघडला की वर फडकं टाकायचं. शिश्नाची कातडी मागे ओढून साफ करायला जायचं नाही, बाहेरून पुसलं की पुरे. जांघेच्या घड्या आणि मुलाच्या वृषणांखालची जागा मात्र उलगडून पाहावी. शी तिथे लपते.

याच वेळी बाळाचा हातही खाली पोचतो. पोटावर ठेवलेला आपला हात आडवा, कोपरापासून मनगटापर्यंत टेकवला तर तो त्या चिमुकल्या हातालाही अडवतो. दाबायचं नाही, नुसतं कुंपण घालायचं.

पुसल्यावर थांबणं अवघड असतं, पण तिथेच थांबायला हवं. त्वचा ओली असताना मलम लावलं तर ओल आत कोंडते. फडक्याने टिपायचं, घासायचं नाही, आणि अर्धा मिनिट हवा लागू द्यायची. लाली येते ती नुसत्या शूमुळे नाही. शूतल्या युरियाचा अमोनिया होतो, त्याने त्वचेची आम्लता घटते, आणि मग शीतली पाचकद्रव्यं जास्त जोमाने त्वचेवर काम करतात. म्हणून शी झालेला डायपर थांबवून ठेवू नये. झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाडसर थर त्वचा आणि ओल यांच्यात भिंत घालतो. पुढच्या वेळी तो खरवडून काढायची गरज नाही, वरची घाण तेवढी पुसावी. पावडर नकोच, ती श्वासात जाते. लाली दोन-तीन दिवसांत ओसरली नाही, घड्यांमध्ये गडद झाली आणि कडेला बारीक लाल ठिपके दिसले, तर बुरशीचा संशय घ्यावा आणि डॉक्टरांना दाखवावं.

इतकं होईपर्यंत बाळ वळलंच, तर वळू द्या. पालथ्या बाळाचं बूड पुसणं खरं तर सोपं, सगळं समोर असतं. नुसती शू असेल आणि ते धरून उभं राहू लागलं असेल, तर उभ्यानेच चड्डीसारखा डायपर घालावा. काढताना तो खाली ओढण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडाव्यात. शी असेल तेव्हा मात्र उभ्याचा मोह नको, ती पोटऱ्यांपर्यंत उतरते.

टेप बांधल्यावर पोटापाशी दोन बोटं जातील इतकी ढील हवी. मग मांडीभोवती बोट फिरवून झालर बाहेर ओढायची. ती आत मुडपलेली राहिली की गळती ठरलेली. मुलाचं शिश्न खाली वळवलेलं हवं, नाहीतर शू वरच्या कडेने बाहेर येते. शी वारंवार पाठीतून वर चढत असेल, तर डायपर लहान तरी झालाय किंवा कंबर सैल तरी बांधली जातेय. अशा वेळी बिनबाह्यांचं गुंडी-चड्डीचं झबलं डोक्यावरून काढू नका. त्याचा गळा खांद्यावरून खाली सरकेल असाच शिवलेला असतो, ते पायांकडूनच काढायचं.

कापडी लंगोटवाल्यांना यात पिनेची भर असायची. पिन लावताना कापडाच्या आतून आपली बोटं बाळाच्या अंगाशी ठेवायची, टोचलं तर आपल्याला. मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन बाईंनी लंगोटावर घालायचं जलरोधक आवरण शिवलं, त्याचं पेटंट त्यांना १९५१ मध्ये मिळालं. त्यात पिनेऐवजी दाबबटणं होती. वळवळणाऱ्या बाळाजवळ टोकदार वस्तू नेणं हे मुळात शहाणपणाचं नाही, हे ओळखलं म्हणून त्या मला शोधकांमध्ये फार वरच्या वाटतात.

या बाळाला अजिबात हलावंसं वाटत नाही अशी वेळ दिवसात क्वचितच येते. खेळता खेळता ते एकाएकी थबकतं, नजर कुठेतरी लावतं, चेहरा लाल होतो. डायपर आणायला उठा, पण उघडायची घाई करू नका. पाच मिनिटं जाऊ द्या. बहुतेकदा दुसरा हप्ता यायचा असतो.