बाटलीतले बुडबुडे

बुधवार, रात्र

छातीतल्या नळीचा आज तिसरा दिवस. कॉटखालच्या बाटलीकडे बघत राहणं हाच सध्या माझा उद्योग. श्वास घेतला की पाणी नळीत वर चढतं, सोडला की उतरतं. खोकले की बुडबुडे. माझ्याच छातीत भलत्या जागी साठलेली हवा ती.

फ्लूचा ताप गेला, तेव्हाच मी स्वतःला बरी ठरवून टाकलं होतं. खोकला काय, रेंगाळतोच. रविवारी सकाळी अशीच एक उबळ आली आणि उजव्या बाजूला सुरी खुपसल्यासारखं झालं. खोकून खोकून लचक भरली असेल म्हणून दिवसभर शेकत बसले! संध्याकाळी एक वाक्य सलग बोलता येईना, तेव्हा कुठे निघालो. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप डावीकडे लावला, मग उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. तिथे श्वासाचा आवाजच जवळजवळ नव्हता. एक्स-रेत एक बारीक पांढरी रेघ, म्हणजे फुफ्फुसाची कड. तिच्यापलीकडे नुसता काळोख. न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा.

‘फुफ्फुस फुटलं’ असं मी सगळ्यांना फोनवर सांगत होते. डॉक्टरांनी समजावलं ते वेगळंच. फुफ्फुसाची ओढ मुळात आक्रसण्याकडेच असते; त्याच्याभोवतीच्या दोन आवरणांमधला कमी दाब त्याला ताणून धरतो. संसर्गाने वायुकोशांच्या भिंती दुबळ्या होतात, खोकल्याच्या जोराने एखादी फाटते, हवा त्या दोन आवरणांमधल्या फटीत शिरते आणि ताण सुटतो. फ्लूत हे क्वचितच होतं. कोविडमध्येही दाखल झालेल्या १०० रुग्णांत साधारण एखाद्यालाच. हवा थोडी असली तर नुसतं लक्ष ठेवतात, ती आपोआप जिरते. माझी बरीच होती, म्हणून बरगड्यांमधून नळी. जागा बधिर करतात, तरी ती आत सरकताना जे वाटलं ते लिहायला नको.

दुपारी फरशी पुसायची म्हणून यांनी बाटली उचलून कॉटवर ठेवली. सिस्टर धावतच आल्या. बाटली छातीच्या खालीच हवी, नाहीतर पाणी उलटं आत जाईल. बिचारे तेव्हापासून बाटलीजवळ फिरकलेले नाहीत.

रात्रीच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, “खोका.” खोकले. पाणी जरासं हललं, बुडबुडा नाही. “अजून जोरात.” टाके ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. तरी नाही. उद्या सकाळी एक्स-रे.

ते गेल्यावर मी हळूच आणखी एकदा खोकून बघितलं.