स्पे नदी, सॅमन आणि पाठीवरची ‘गाय’

स्कॉटलंडमधल्या स्पे नदीत उतरलं की पाच मिनिटांत कळतं: मासा नंतर, आधी आपण उभं कसं राहायचं ते बघू. ब्रिटनमधल्या सगळ्यात वेगवान नद्यांत हिची गणना होते. पाणी पीटमुळे, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या थरामुळे, कोऱ्या चहाच्या रंगाचं, तळाला नारळाएवढाले गुळगुळीत गोटे, आणि कोणीतरी मांड्यांना सतत ढकलत असल्यासारखा रेटा. एका हातात काठी, दुसऱ्यात १५ फुटी दोनहाती रॉड. मग गळाला लागलेला मासा उचलायची जाळी धरायची कुठल्या हाताने? हा प्रश्न घरून निघतानाच पडायला हवा होता.

मी गेलो जूनमध्ये. इथला सॅमनचा हंगाम ११ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर. जूनमध्ये समुद्रातून सी ट्राउटही वर चढत असतात. सोबत नेलेली जाळी लहान ओढ्यातल्या ट्राउटसाठीची. लाकडी कडं, टेनिसच्या रॅकेटएवढा आकार, पाठीला इलॅस्टिकच्या दोरीने अडकवलेली. दिसायला फार देखणी. पहिल्याच सकाळी ती काठावरच्या काटेरी झुडपात गुंतली, मी आपला पुढे चालत राहिलो, इलॅस्टिक ताणत गेलं आणि सुटल्यावर पाठीच्या कण्यावर असा फटका बसला की मी मटकन खालीच बसलो. आमचा गिली, म्हणजे नदीवरचा वाटाड्या, तोंड फिरवून उभा होता. खांदे मात्र हलत होते.

दुपारी सॅमन लागला. दहा-बारा पौंडांचा असावा. तेव्हा लक्षात आलं, लांब रॉडवरचा मासा जवळ आला तरी जवळ नसतो. रॉडच्या टोकापासून माशापर्यंत साधारण रॉडएवढी दोरी मोकळी ठेवावी लागते. त्याहून जास्त गुंडाळली तर लीडरची, म्हणजे दोरीच्या टोकाला जोडलेल्या पातळ धाग्याची, गाठ टोकाच्या कडीत अडकते आणि माशाच्या एका झटक्यात सगळं तुटतं. म्हणजे रॉड मागे झुकवायचा, दुसरा हात पुढे ताणायचा, आणि उरलेलं अंतर जाळीच्या दांड्याने भरून काढायचं. माझा दांडा वीतभर! कसाबसा डोकं आत घेतलं, निम्मा मासा बाहेरच. उचलायला गेलो तर तो कड्यावर आडवा झाला, फ्लायचा, म्हणजे पिसांच्या नकली माशीचा, गळ जाळीच्या भोकात रुतला, आणि त्याच्याच आधाराने अंग फिरवून साहेब मोकळे.

गिली काही बोलला नाही. पाठीवरची स्वतःची जाळी उतरवून म्हणाला, “गाय.” मी पुन्हा विचारलं, पुन्हा ‘गाय’च. शेवटी उमगलं, या प्रकाराला गाय नेट म्हणतात. ती पट्ट्याने पाठीवर तिरकी लटकते. दांडा कड्यातून सरकतो, त्यामुळे चालताना आखूड आणि एका हाताच्या झटक्यात लांब. कडं चांगलं दोन फूट रुंद, आणि त्याला घडी नाही. आमच्यातल्या एकाकडे घडीची त्रिकोणी होती. बारीक वाळू शिरून तिचा दुर्बिणीसारखा दांडा असा बसला, की दोघांनी दोन बाजूंनी ओढूनही हलेना.

आकारापेक्षा मला जास्त शिकवलं ते पिशवीने. बारीक विणीची पिशवी प्रवाहात धरली की वादळात छत्री धरल्यासारखी ओढ बसते, तोल जातो. मोठी भोकं धरायला हलकी, पण त्यांतून शेपटीचे पर बाहेर येऊन फाटतात. जुन्या गाठीच्या नायलॉनने खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. मासा परत सोडायचा असेल तर ते वाईटच. रबराची जाळी माशाला सौम्य, गळही तिच्यात गुंतत नाही, पण कमरेभर पाण्यात एका हाताने पेलायला जड. माझ्यापुरतं ठरलं: बिनगाठीची, वर रबराचा लेप असलेली, मध्यम भोकांची आणि खोल.

रविवारी स्कॉटलंडमध्ये सॅमन धरायला कायद्यानेच बंदी, म्हणून स्पेवरचा क्रेगेलाकीचा पूल बघायला गेलो. अभियंता थॉमस टेलफर्डचा, ओतीव लोखंडाचा, १८१४ सालचा. खालच्या पाण्यात कुठे उभं राहता येईल, एवढंच डोक्यात.

सोमवारी गिलीला विचारलं, जाळी नकोच, शेपटी हाताने धरली तर? म्हणाला, “सॅमनची धरा. शेपटीच्या मुळाशी तो मनगटासारखा टणक असतो. सी ट्राउट साबणासारखी निसटेल. आणि अंधारात लागलंय काय, ते तुम्हाला आधी कळणार आहे का?”

मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास, पुसट उजेडात, पुन्हा ओढ बसली. काठी पट्ट्याला दोरीने बांधलेली, ती सोडून दिली. गिलीची जाळी आपल्यापासून प्रवाहाच्या खालच्या बाजूला पाण्यात बुडवून स्थिर धरली. माशाच्या मागे ती फिरवायची नाही, हे त्याने दहादा बजावलं होतं. माशाने कूस बदलली, चंदेरी पोट दिसलं, डोकं कड्यावरून आत ओढलं आणि मग उचललं. पूर्ण मासा आत. सॅमनच. पिशवी पाण्यातच ठेवून गळ काढला, तोंड प्रवाहाकडे केलं. कल्ले संथ उघडत-मिटत होते. कडं तिरकं केलं तेव्हा तो क्षणभर तिथेच थांबला, मग चहाच्या रंगात विरून गेला.

माझी देखणी लाकडी जाळी मी झोपडीतल्या खुंटीला टांगून ठेवली होती. सकाळी पाहतो तर कोणीतरी तिच्यावर ओले मोजे वाळत घातले होते.