कोकाटू ॲपिस्टोची पिल्लं: पाणी आषाढाचं, अंडी थंडीत

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ९०० च्या आसपास येतो. मी टाकीत ज्याची पिल्लं काढतो तो कोकाटू ॲपिस्टो (ॲपिस्टोग्रामा काकाटुओइडिस) हा छोटा मासा मूळचा पेरूकडच्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, कमी क्षारांच्या पाण्यातला. सगळ्या ॲपिस्टोंमध्ये हा त्यातल्या त्यात सोशिक, त्यामुळे मोठे मासे बोअरच्या पाण्यातही जगतात. अंडी मात्र दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात आणि त्यांना बुरशी धरते. आरओ लावला तर एका बादलीमागे दोन-तीन बादल्या वाया जातात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते करवत नाही. म्हणून मी पावसाचं पाणी धरतो.

पहिल्या दोन-तीन सरींनी छपराची टिनं धुऊन निघू द्यायची, मग पन्हाळीखाली २०० लिटरचा ड्रम लावायचा. ड्रम नवा किंवा खायच्या तेलाचा हवा. फवारणीच्या औषधाचा ड्रम दहादा धुतला तरी नको, मासे एका रात्रीत जातात. पाणी जून-जुलैतच भरून ठेवतो, कारण पुढे कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या की वाऱ्यानं औषध टिनांवर येतं. बाजूच्या वावरात पंप चालू असेल तेव्हा खिडकी बंद ठेवायची आणि हवेचा पंप बाहेरची हवा ओढत नाही ना, ते पाहायचं.

नऊ बादल्या पावसाचं आणि एक बादली बोअरचं पाणी मिसळलं की टीडीएस १०० च्या जवळ येतो. नुसतं पावसाचं पाणी वापरू नका. त्यात पीएच (पाण्याचा आंबटपणा मोजायचा आकडा) धरून ठेवणारे क्षार नसतात, त्यामुळे पीएच अचानक घसरतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मंदावतात. ज्या देशी बदामाची मोठी पानं लाल होऊन गळतात, त्याची वाळलेली दोन-तीन पानं टाकतो. पाणी चहासारखं होतं, ते तसंच राहू द्यायचं.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद. तळाला बारीक वाळू दोन बोटं. हा मासा तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून सोडतो, त्यामुळे टोकदार गिट्टी चालत नाही. नदीची वाळू असेल तर चिमूटभर वाळूवर लिंबू पिळून पाहा, फेस आला तर त्यात चुना आहे. एका नरामागे दोन माद्या, आणि प्रत्येक मादीला वेगळी नारळाची करवंटी, उपडी. कडेला दार फक्त मादी आत जाईल एवढंच कापायचं. फिल्टर स्पंजचा, हवेच्या पंपावर. लाइन गेली की बॅटरीचा छोटा पंप त्याच नळीला जोडता येतो.

खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. इथं रात्री पारा १० च्या खालीही जातो, म्हणून ५० वॉटचा हीटर लागतो. तो २६ अंशांवर ठेवायचा. रोमर आणि बाइजेनहेर्त्स या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं की पिल्लं लहान असतानाचं तापमान जास्त असेल तर ॲपिस्टोंमध्ये नर जास्त निघतात. माझी एक बॅच २९-३० अंशांत वाढली, जवळपास सगळे नरच. दिसायला झकास, पण पुढची जोडी कुठून आणायची?

मादी हळदीसारखी पिवळी झाली आणि करवंटीतून हलेना, म्हणजे छताला अंडी आहेत. डोकावू नका. तीन दिवसांत अंडी फुटतात, आणखी पाच-सहा दिवसांनी मादी पिल्लं घेऊन बाहेर पडते. नवखी मादी स्वतःची एक-दोनच अंडी खाते असं नव्हे, कधी कधी सगळीच फस्त करते. तिला हलवू नका, तीन-चार आठवड्यांत पुन्हा घालते. पिल्लं फिरायला लागल्यावर ती नराला झोडपते, म्हणून नर वेगळा काढलेला बरा.

पिल्लांना आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला बारीक जिवंत जीव, हवा, कोरड्या पावडरीवर बहुतेक मरतात. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी आणि चालू हवा. थंडीत अंडी उशिरा फुटतात, म्हणून बाटली टाकीतच उभी करतो, २४ ते ३६ तासांत काम होतं. गाळून, गोड्या पाण्यानं धुऊन दिवसातून तीनदा द्यायचा. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की पुरे. दिवसाआड दहा टक्के पाणी बदला, नवं पाणी टाकीइतकंच कोमट करून.

मार्च संपला की करवंट्या काढून घेतो. मे महिन्यात टाकीचं पाणी ३४ अंशांपर्यंत चढतं. पाण्याच्या पृष्ठभागावर कॉम्प्युटरचा छोटा पंखा तिरपा लावला की आपल्या कोरड्या हवेत तीन-चार अंश उतरतात, पावसाळ्यात मात्र त्याचा उपयोग नाही. पंख्यानं पाणी आटतं, क्षार मागेच राहतात. ती घट ड्रममधल्या पावसाच्या पाण्यानंच भरायची, बोअरच्या नाही. म्हणून एक ड्रम मेपर्यंत हात न लावता ठेवतो.