इम्पल्स अपडेट: डावीकडे वळलं की अंधार, आणि निळ्या दिव्याची चुगली

माझ्या हीरो इम्पल्स मोटरसायकलचा हेडलाइट का जातो ते सापडलं! काल रात्री पावणेबाराला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनकाकांनी धरलेल्या टॉर्चच्या उजेडात. मागच्या वेळी मी रिलेंच्या (हेडलाइटला थेट बॅटरीवरून करंट देणारे, मी वरून लावलेले विजेवर चालणारे स्विच) नावाने बोटं मोडली होती, ते शब्द मागे घेतो. बिचाऱ्यांची काही चूक नव्हती.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. वेल्ह्याहून पाबे घाटातून परत येताना डावीकडच्या वळणावर हेडलाइट गेला. हँडल सरळ झालं, परत आला. पुढच्या डाव्या वळणाला पुन्हा अंधार. अख्खा घाट मी पार्किंग लाइट आणि देवाच्या भरवशावर उतरलो. घरी येऊन हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तर दिवा लख्ख. तुम्हाला दाखवायला व्हिडिओ काढायला घेतला की गाडी अगदी शहाण्या मुलासारखी वागायची.

मग नेहमीची वरात निघाली. बल्ब बदलला. कपलर, म्हणजे बल्बमागचा प्लग, बदलला, कारण जुन्याची एक पिन काळी पडली होती. डिपर स्विच उघडून कॉन्टॅक्ट बारीक पॉलिश पेपरने घासले. दोन्ही रिले बदलले. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस बरे जायचे आणि मी विजयी मुद्रेने हिंडायचो. मग एखादा खड्डा, एखादं वळण, आणि पहिले पाढे पंचावन्न.

बल्बवरून आठवलं. पुण्याच्या नाना पेठेत 35/35 वॅटचा मागितला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दादा, 60/55 टाका ना, दिवस उजाडेल." अरे बाबा, 35 वॅटला साधारण तीन अँपिअर लागतात, 60 ला पाच. ते वरचे दोन काय तुझ्या दुकानातून येणार? शिवाय आपल्या गाडीचा रिफ्लेक्टर आणि कपलर प्लास्टिकचे. पण समजावून सांगायला गेलं की आपणच चिकट गिऱ्हाईक ठरतो.

आता मुद्द्याचं. मला सगळ्यात जास्त फसवलं माझ्या मल्टिमीटरने. बल्ब काढून कपलरमध्ये पिना खुपसल्या तर 12.4 व्होल्ट, म्हणजे सप्लाय ठीक. हिरव्या तारेवर बीप (तार सलग असली की मल्टिमीटर वाजतो तो) लावून बघितला तर बीप खणखणीत, म्हणजे अर्थिंग ठीक. (आपल्या गाडीचं कूळ होंडाचं, ब्राझीलच्या ब्रॉसचं, त्यामुळे हिरवी म्हणजे अर्थ, निळी हायबीम, पांढरी लोबीम. यामाहा आरएक्सवरून आलेल्यांनी सावध राहा, यामाहात काळी अर्थ असते आणि हिरवी लोबीम. या गोंधळात एका मित्राने फ्यूजचं अख्खं पाकीट संपवलंय.) दोन्ही तपासण्या पास, तरी दिवा नापास.

परवा वैतागून रिलेचं सगळं लटांबर काढून टाकलं आणि मूळ वायरिंग जसंच्या तसं जोडलं. स्विच लोबीमवर. हँडल हळूहळू डावीकडे नेलं आणि एका जागी येताच हेडलाइट विझला. पण त्याच क्षणी स्पीडोमीटरमधला हायबीमचा निळा दिवा लागला! लोबीमवर! हँडल सरळ केलं, निळा गेला, हेडलाइट आला. मी दहा वेळा तरी हँडल हलवत बसलो असेन. वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, हँडल लॉक अडकलंय का?"

हे का होतं ते नीट सांगतो, कारण यातच सगळी मेख आहे. बल्बमध्ये दोन फिलामेंट, दोघींची अर्थिंगची पिन एकच. ती अर्थ तुटली की लोबीमच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला घरी जायला वाट उरत नाही. मग तो हायबीमच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, निळ्या तारेने मागे जातो, त्या तारेवर टांगलेल्या मीटरमधल्या दिव्यातून पार होतो आणि मीटरच्या वेगळ्या अर्थिंगने घरी पोचतो. वाटेतला तो दिवा एवढासा, तो जेमतेम चिमूटभर करंट जाऊ देतो. त्यामुळे तो स्वतः लागतो आणि हेडलाइट मात्र थंड. थोडक्यात, लोबीमवर निळा दिवा पेटला तर बाकी काही बघू नका, बल्बची अर्थ बघा.

मग रिले असताना हे का दिसलं नाही? कारण रिले लावल्यावर बल्बचा आणि मूळ निळ्या तारेचा संबंधच तुटतो, उलटा करंट उघड्या कॉन्टॅक्टपाशी अडतो. शिवाय रिलेच्या कॉइलची (रिलेला चालू-बंद करणारं वेटोळं) अर्थ मी फ्रेमच्या बोल्टवर दिली होती. बल्बची मात्र आळसापायी जुन्या हिरव्या तारेवरच ठेवली होती. त्यामुळे रिले टक्-टक् वाजायचे, दिवा जायचा, आणि मी शिव्या द्यायचो रिलेंना.

खात्रीसाठी एक तपासणी केली, जी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. बल्ब जोडलेला, लोबीम चालू. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन कपलरच्या मागून हिरव्या तारेत. (माझ्या गाडीचा हेडलाइट डीसीवर, म्हणजे बॅटरीवर चालतो. ज्यांचा एसीवर, म्हणजे थेट इंजिनच्या विजेवर चालतो, त्यांनी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरही एसीला लावा.) तार धड असेल तर 0.1-0.2 व्होल्ट दिसायला हवेत. माझ्याकडे हँडल सरळ असताना 0.9, आणि डावीकडे नेलं की चक्क 11.9. बीपला तारेतला एक धागा शिल्लक असला तरी पुरतो. तीन अँपिअरला पुरत नाही.

मग वायरिंगवरची टेप सोलली. गळ्यापाशी, हँडल वळतं तिथे, हिरव्या तारेचं प्लास्टिक वरून अगदी शाबूत. पण बोटांत धरून वाकवलं तर बाकीच्या तारा कमानीसारख्या वळत होत्या आणि ही एका जागी पायजम्याच्या नाडीसारखी दुमडत होती. ब्लेडने चिरली. आत हिरवट भुकटी आणि एक, मोजून एक, धागा.

आता खरी लाज. ती जागा नेमकी मी बांधलेल्या केबल टायखाली (आवळायची प्लास्टिकची पट्टी) होती. मागच्या दिवाळीत हँडल उंच करणारे रायझर लावले तेव्हा "लूम (तारांची जुडी) जरा ताणल्यासारखी वाटतेय, पण चालेल" असं मीच इथे लिहिलं होतं, आणि ती लोंबू नये म्हणून केबल टाय करकचून आवळला होता. वर्षभर प्रत्येक वळणाला तार त्याच एका रेषेवर वाकत राहिली. रायझर लावणाऱ्यांनो, आज घरी जाऊन बघा.

दुरुस्तीत गळ्यापाशी सोल्डर करायचं टाळलं. सोल्डर धाग्यांत झिरपून तार तिथे काडीसारखी ताठ होते आणि त्या ताठपणाच्या कडेला पुन्हा तुटते. खराब तुकडाच काढला, नवीन तार गळ्यापासून लांब दोन्ही बाजूंना क्रिंप केली, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडली, वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी, आणि हँडल पूर्ण उजवीकडे ठेवून लांबी मापली. तार आणली तपकीर गल्लीतून. पहिल्या दुकानातली "प्युअर कॉपर" ब्लेडने खरवडली तर आत पांढरी, म्हणजे मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. दुसऱ्या दुकानातल्या आजोबांनी न सांगता स्वतःच खरवडून दाखवली. इथून पुढे तार त्यांच्याकडूनच. आता अर्थवर 0.08 व्होल्ट आहे. हा आकडा मी बायकोलाही दाखवला. तिने "छान" म्हटलं.

हे लिहायला बसलो तेव्हा ठरलं होतं की रिले आता परत लावायचे नाहीत, 35 वॅटला कशाला हवेत. पण मधेच खाली जाऊन मोजून आलो. बॅटरीवर 12.2, बल्बवर 11.1. म्हणजे स्विच आणि जुन्या तारा मिळून एक व्होल्टच्या वर गिळतायत. हॅलोजनचं असं की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड साधारण तीस टक्के पडतो. तेव्हा रिले परत लागणार, आणि या वेळी बल्बची अर्थ थेट बॅटरीच्या मायनसवर. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवण्याचा सल्ला देऊ नका, उजेड रस्ता सोडून झाडांवर पडतो.

जाता जाता आणखी एक. टाय कापल्यावर हॉर्नच्या तारेवरही तसाच वळ दिसला. हॉर्न अजून वाजतोय. तिला रविवारी चिरतो, आज टेप संपली.