तिथे मासेमारी झालीच नव्हती

मालवणला एका छोट्या प्रोजेक्टवर होते तेव्हाची गोष्ट. काम म्हटलं तर सोपं होतं, मागे बाहेरून इंजिन लावलेल्या लहान पातींवर (छोट्या मासेमारी होड्यांवर) काड्यापेटीएवढा जीपीएस लॉगर बांधायचा, आठ दिवसांनी काढायचा आणि बोट कुठे कुठे फिरली ते नकाशावर बघायचं. मोठ्या बोटींचं तसं बरंय, 20 मीटरवरच्यांना एआयएस (बोट कुठे आहे ते आपोआप कळवणारं यंत्र) असतं, आणि ऑगस्ट 2024 ला पालघरला इस्रोच्या ट्रान्सपाँडरची (उपग्रहावरून बोटीचा ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्राची) योजना सुरू झाली त्यात 1 लाख बोटी घ्यायच्यात. पण रोज पहाटे जाऊन दुपारपर्यंत परत येणारा पातवाला नेमका कुठे मासे मारतो याची नोंद फारशी कुठे नसतेच, मग बंदी, हद्द वगैरे ठरवताना त्याची जागा कोण धरणार?

तर एका तांडेल (होडी चालवणाऱ्या) काकांचा ट्रॅक उघडला. आमचा नियम असा की वेग 2 नॉटच्या (ताशी साधारण पावणेचार किलोमीटरच्या) खाली गेला की मासेमारी, तो भाग लाल. एका ठिकाणी तीन तास लालच लाल, शेत नांगरल्यासारख्या येरझाऱ्या. मी खूश! म्हटलं ही भारी जागा दिसतेय, हिला नकाशात जपायला हवं. रिपोर्टमध्ये टाकायच्या आधी एकदा विचारावं म्हणून लॅपटॉप घेऊन बंदरावर गेले. काका जाळं विणत बसलेले, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "खंयचो मासो गो? मी जाळा सोधी होतंय. ट्रॉलरान कापून नेल्यान."

ट्रॉलर म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणारी मोठी बोट. रात्री टाकलेलं जाळं, सकाळी बोया (वर तरंगणारी खूण) आहे पण खाली अर्धं जाळं नाही. तीन तास पेट्रोल जाळलं, दोन तुकडे मिळाले. आणि मी त्याला 'उत्तम मासेमारी क्षेत्र' म्हणणार होते! खरं सांगते, पोटात गोळा आला, कारण त्याआधीच्या किती ट्रॅकमध्ये असं झालं असेल देव जाणे. (सगळे परत काढून पातवाल्यांना दाखवत बसले, महिना गेला.)

मग काकांनीच नकाशावर बोट ठेवून ठेवून सांगितलं. इथे इंजिन बंद पडलं, इथे नुसते वाऱ्यावर वाहत जेवलो, इथे पाणी किती वाव (खोलीचं माप, एक वाव म्हणजे साधारण सहा फूट). ट्रॉलर आला तो भाग इतका उथळ की तिथे त्याने यायलाच नको, महाराष्ट्राच्या कायद्यात ट्रॉलरची हद्द वावात मोजलेली असते.

शेवटी एका छोट्याशा लाल ठिपक्यावर आले आणि गप्प झाले. खाली खडक, सुरमई मिळते, बाकी कोणाला माहीत नाही. "ह्या तू सगळ्यांका दाखवतलंस?"

म्हटलं नाही, ते काढून टाकते.

"ती जागा तेवढी पूस. जाळा गेला ती ठेव, ती दाखव सगळ्यांका."