वडिलांना कितव्या वर्षी झाला?

माझ्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. गेल्या पाच वर्षांत नाशिकमधल्या तीन डॉक्टरांनी माझ्या केसपेपरवर ‘वडील – कॅन्सर’ अशी नोंद केली; कोणता कॅन्सर, हे एकाने विचारले, कितव्या वर्षी झाला, हे कोणीच विचारले नाही.

सदतिसाव्या वर्षी मी स्वतःच आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे तपासणीचा विषय काढला, तेव्हा ‘त्रास काही नाही ना? मग पन्नाशीनंतर बघू’ असे ते म्हणाले. आमच्या तीन पिढ्या त्यांच्याकडे जातात, रात्री-अपरात्री ते पंचवटीपर्यंत धावून आलेले आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द मी प्रमाण मानला. पण तो सल्ला चुकीचा होता. पन्नाशीची मर्यादा सर्वसाधारण जोखमीच्या माणसासाठी आहे, आणि अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने तीसुद्धा २०२१ मध्ये ४५ वर आणली. आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला साठीच्या आत हा कर्करोग झाला असेल, तर पहिली कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेली मोठ्या आतड्याची तपासणी, चाळिसाव्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, आणि नंतर साधारणपणे दर पाच वर्षांनी करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. माझ्यासाठी ते वय ३६ होते.

‘त्रास नाही ना?’ हा प्रश्नच इथे दिशाभूल करतो. हा कर्करोग बहुधा आतड्याच्या अस्तरावर वाढणाऱ्या पॉलिपमधून, म्हणजे छोट्या मांसल गाठीतून, सुमारे दहा वर्षांच्या अवधीत तयार होतो, आणि पॉलिप सहसा दुखत नाही. तो कोलोनोस्कोपीतच काढता येतो, म्हणजे ही तपासणी रोग नुसता शोधत नाही, तर टाळतेही. लिंच सिंड्रोम, म्हणजे या कर्करोगाचा धोका खूप वाढवणारा आनुवंशिक दोष, असलेल्या घराण्यांत हा अवधी फार कमी होतो, म्हणून तिथे तपासणी विशी-पंचविशीतच सुरू करून दर एक-दोन वर्षांनी करतात. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मला शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी करायला सांगितली. ती निर्दोष आली आणि मी निर्धास्त झालो. प्रत्येक पॉलिपमधून रक्त येतेच असे नाही, आणि माझ्यासारख्याने कोलोनोस्कोपीच करायला हवी, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही.

डॉक्टरांवर मी हलगर्जीपणाचा आरोप करत नाही. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो, आणि सरकारी तपासणी कार्यक्रमाचा भर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांवर आहे; त्यामुळे रक्त पडते म्हणणारा रुग्ण आला की प्रथम मूळव्याधच आठवते. तरीही वय विचारायला अर्धे मिनिट लागते, आणि त्या अर्ध्या मिनिटावर माझी तीन वर्षे अवलंबून होती.

अखेर एकोणचाळिसाव्या वर्षी गंगापूर रोडवरील एका पोटविकारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत ते वय विचारले. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री जुलाबाचे औषध घेऊन आतडे साफ करणे, एवढाच काय तो जाच झाला. दोन पॉलिप निघाले. त्यांपैकी एक अडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा होता.

माझी धाकटी बहीण सिन्नरला असते आणि पुढच्या महिन्यात तिला ३६ वर्षे पूर्ण होतील. तिच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी मी कागदावर एवढेच लिहून दिले आहे: वडील, मोठे आतडे, वय ४६.