दोन इंचांची पायरी

पहाटेची पहिली लोकल उचललेल्या फलाटाला लागली तेव्हा मी गेज, म्हणजे रुळांपासून फलाट मोजायचं माप, हातात धरूनच उभा होतो. रुळांच्या मध्यापासून फलाटाची कड 1670 ते 1680 मिलिमीटरच्या आत लागते. दहा मिलिमीटरची मुभा, बस. माझी कड 1675 वर होती आणि रुळाच्या माथ्यापासून उंची 910. उतरणारा पहिला माणूस खाली न बघता सरळ चालत गेला. त्यासाठीच आम्ही अकरा रात्री जागलो होतो.

लोकांना वाटतं फलाट खचतो. फलाट जागचा हलत नाही, रूळ वर चढतात. रुळांखाली खडी ठासून भरताना रूळ थोडे उचलले जातात आणि पावसात पाणी तुंबतं तिथं तर ते मुद्दाम वर घेतात. नियमानं फलाट 760 ते 840 मिलिमीटर उंच असायचा. वर्षानुवर्षं रूळ चढत गेले, की डब्याच्या दाराचा उंबरा आणि फलाट यांतलं अंतर जीवघेणं होतं. 2014 च्या जानेवारीत घाटकोपरला झालेल्या अपघातानंतर मुंबई उच्च न्यायालयानं त्यात लक्ष घातलं आणि उपनगरी फलाट 900 ते 920 पर्यंत उचलायची कामं सुरू झाली. त्यातल्याच एका ठेक्यावर मी साइट इंजिनिअर होतो. स्थानकाचं नाव लिहीत नाही.

ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, कागदावर अडीच तासांचा असतो. ओव्हरहेड वायरची वीज बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत हात लावायचा नाही आणि पहिल्या गाडीआधी राडारोड्याची शेवटची गोणी उचलून रूळ मोकळा करून द्यायचा. प्रत्यक्ष काम होतं दीड तास. पण तो दीड तास मला फार आवडायचा. कोपिंग, म्हणजे कडेच्या लाद्या, काढलं की फलाटाचं पोट दिसतं. वर काँक्रीट, त्याखाली विटा, तळाशी चुन्यात बसवलेला काळा दगड, टाकीचे घाव अजून स्पष्ट. दोन्ही टोकांना मात्र तो दगड सापडलाच नाही. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती चार डब्यांची. आता बारा डबे उभे राहतात. फलाट गाडीमागं लांबत गेला आणि ज्या काळात जेवढा लांबला तेवढा त्या काळाच्या मालानं बांधला गेला. मुकादम बॅटरी मारून म्हणाले, "साहेब, हे तर मागच्या पिढ्या एकावर एक निजल्यात."

पहिली लोकल गेली त्याच सकाळी, आठच्या सुमाराला मी चहा घेत होतो. पुलाच्या जिन्यावरून लोंढा उतरला आणि जिन्याच्या पायथ्याशी एक काका तोंडावर पडले. मागचे दोघं त्यांच्यावर. मी धावलो. काकांचा घोटा बघता बघता सुजला. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरा, इथं पायरी होती. बारा वर्षं उतरतोय. कुठं गेली?"

पायरी मी गिळली होती. जिन्याची प्रत्येक पायरी 160 मिलिमीटरची. तिथं फलाट 800 वर होता, मी 910 केला. म्हणजे शेवटची पायरी उरली 50 मिलिमीटर, जेमतेम दोन इंच. सहा इंच असती तर डोळ्याला दिसली असती, अजिबात नसती तर पाय सपाट पडला असता. दोन इंचांची पायरी दिसत नाही आणि पायाला फसवते. रोजचा प्रवासी जिना बघत नाही, पाय मोजतात. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर 23 माणसं गेली. गर्दीच्या जिन्यावर एकाचं अडखळणं एकाचं राहत नाही, हे मला माहीत होतं.

आणि नवव्या रात्री मी ती पायरी बघितलीही होती. वरच्यांना विचारलं. "जिना पुलाच्या टेंडरमध्ये येतो, तुझ्याकडं फक्त फलाट," असं उत्तर आलं. ड्रॉइंगवर फलाटाचा छेद होता, जिना नव्हता. माणूस मात्र पुलावरून फलाटावर एकाच पायानं येतो, त्याला खाती कुठली? हे तेव्हाच ठासून बोलायला हवं होतं. मी गेजकडं बघत राहिलो, कारण गेजमध्ये मी बरोबर होतो.

त्या रात्री परवानगीची वाट न बघता पायथ्याशी सव्वा मीटरचा उतार काढला आणि ते दोन इंच बुजवून टाकले. खरबरीत फिनिश, कडेला पिवळा पट्टा. सकाळी पुन्हा उभा राहिलो. कोणी पडलं नाही. पण माणसामागून माणूस शेवटचं पाऊल जोरात आपटत होता, नसलेल्या पायरीवर. कितीजण ते मोजायला लागलो, मग मोजणं सोडलं.

काका तीन आठवड्यांनी दिसले. कठडा धरून, एकेक पायरी बघत उतरत होते. मी ओळख दिली नाही.

परवा पुढच्या स्थानकाचं ड्रॉइंग हातात आलं. त्यातही जिना नाही. या वेळी काम सुरू करण्याआधी टेप घेऊन जिन्याखाली बसलो, पाचही जिन्यांच्या शेवटच्या पायऱ्या मोजल्या आणि आकडे लाल पेनानं त्याच कागदावर लिहून परत पाठवले. उत्तर अजून आलेलं नाही.